शिडी चढणाऱ्यांसाठी फुल बॉडी हार्नेस : साताऱ्यातील वर्षभराच्या वापरानंतरचे मत

साताऱ्यात आम्ही उंचावरच्या देखभालीची कामे घेतो. आमचा सहा जणांचा चमू आहे आणि आमच्या वाट्याला येणारी शिडी दर आठवड्याला निराळी असते : कधी गावच्या उंच पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, कधी औद्योगिक वसाहतीतील शेडच्या भिंतीला टेकवलेली, कधी सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यात गाळप संपल्यानंतर दुरुस्तीसाठी चढावी लागणारी, भोवती गोल पिंजरा असलेली, आणि सज्जनगड व ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर गेले की पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या पोटातली सरळ उभी. मागील वर्षी आम्ही जुने सगळे पट्टे बाद करून दोन प्रकारचे फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या यांना धरून ठेवणारे पट्ट्यांचे संच, घेतले. पहिला साधा, पाठीवर एकच डी-रिंग (जोडणीसाठीची डी आकाराची कडी) असलेला, जो लॅनयार्डसह, म्हणजे हार्नेस आधाराला अडकवण्याच्या हूकवाल्या दोरीसह, सुमारे दोन हजार रुपयांत मिळाला. दुसरा पाठीवर, छातीवर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना रिंगा असलेला, ज्याला त्याच्या तिपटीहून थोडे अधिक पैसे पडले. दोन्ही एकाच भारतीय कंपनीचे असून दोन्हींवर आयएस ३५२१ या मानकाचा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह आहे, त्यामुळे येथे तुलना नावांची नाही, रचनेची आहे.

शिडी हे ज्याचे मुख्य काम आहे, त्याने दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पहिला आम्ही टाकून दिलेला नाही, पण तो आता फक्त शेडच्या पत्र्यांवर, डोक्यावर आडवी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवण्यासाठी ताणलेला दोर, बांधलेली असते तेथेच वापरतो.

आपल्याकडे अजूनही सगळे जण या वस्तूला ‘बेल्ट’च म्हणतात आणि हा शब्दच थोडा घातक आहे, कारण त्यातून कमरेचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. कमरेला एकच पट्टा बांधून माणूस पडला, तर थांबण्याचा सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. माणूस मधोमध मोडल्यासारखा वाकून लटकतो आणि कधी पट्ट्यातून निसटतोही. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी असा कमरपट्टा वापरण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. आमच्या चमूतील सर्वांत अनुभवी फिटरांना आम्ही मामा म्हणतो. हार्नेस पहिल्यांदा हातात घेतल्यावर ते म्हणाले होते, “एवढं जोखड अंगावर घेऊन चढायचं कसं?” त्यांनी तीस वर्षे कमरेच्या पट्ट्यावर काढली आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. हार्नेस त्यांच्या गळी उतरवला तो आमच्याच शेडमधील एका चाचणीने, जिच्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी एक हिशेब मांडणे भाग आहे, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. साध्या हार्नेसबरोबर येणारे लॅनयार्ड साधारण १.८ ते २ मीटर लांब असते. लॅनयार्ड पायांपाशी अडकवलेले नसले, पाठीच्या रिंगेच्या उंचीला असले, तरी माणूस १.८ मीटर मोकळा पडतो आणि तेवढ्यात त्याचा वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होतो. हा वेग एकदम थांबला, तर शरीर ते सहन करू शकत नाही. म्हणून लॅनयार्डच्या टोकाला शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे घड्या घालून शिवलेल्या पट्टीची पिशवी असते, आणि हिसका बसताच ती शिवण उसवत जाऊन जोर शोषून घेते. युरोपीय मानक ईएन ३५५ नुसार हा जोर ६ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ६०० किलो वजनाएवढा, याच्या वर जाऊ नये आणि अॅब्सॉर्बर १.७५ मीटरपेक्षा जास्त लांबू नये. आता बेरीज करावी : लॅनयार्ड २ मीटर, उसवलेला अॅब्सॉर्बर १.७५ मीटर, पाठीच्या रिंगेपासून तळपायापर्यंत सुमारे दीड मीटर आणि शिवाय एक मीटर मोकळीक. हूक जेथे अडकवला आहे, त्याच्या खाली सव्वासहा मीटर जागा रिकामी असेल, तरच हे सारे साहित्य आपले काम पुरे करू शकते. पाच मीटर उंचीच्या शेडवर पायापाशी हूक अडकवून काम करणारा माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आदळू शकतो. हा हिशेब मी ज्या ज्या ठेकेदारांना सांगितला, त्यांतील बहुतेकांना तो नवा होता. जागा कमी असेल तेथे हूक डोक्याच्या वर अडकवणे, किंवा ताण बसताच गाडीच्या सीटबेल्टसारखा अडकणारा आपोआप गुंडाळला जाणारा ब्लॉक वापरणे, एवढेच मार्ग उरतात.

शिडीवर हा प्रश्न आणखी वेगळा होतो आणि तेथेच छातीच्या रिंगेचे मोल कळते. पवनचक्कीच्या शिडीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पोलादी दोर ताणलेला असतो आणि त्यावर फॉल अरेस्टर नावाची छोटी पकड सरकते. चढणाऱ्याबरोबर ती सहज वर येते आणि खाली झटका बसताच दोराला घट्ट धरते. ही पकड माणसाच्या समोर असते, त्यामुळे ती छातीच्या रिंगेला वीतभर जोडणीने लावता येते आणि पाय घसरला तर पडण्याचे अंतर फार थोडे राहते. शिवाय लटकल्यावर तोंड शिडीकडेच असते, त्यामुळे शुद्धीवर असलेला माणूस स्वतःच पुन्हा पायरीवर पाय ठेवू शकतो. तीच पकड पाठीच्या रिंगेला लावायची म्हटली, तर जोडणी काखेखालून किंवा खांद्यावरून मागे न्यावी लागते. ती लांब होते, मधे ढिलाई राहते, आणि पडताना माणूस गरकन फिरून शिडीवर आपटतो. आमच्याकडे पूर्वी साधे हार्नेस असताना काही जण हाच प्रकार करत होते, आणि तो मी चालू दिला, याची मला आजही बोच आहे. पकड आणि रिंग यांच्यामध्ये स्वतःहून एखादे लॅनयार्ड जोडून अंतर वाढवणेही तितकेच चुकीचे आहे. उत्पादकाने दिलेली आखूड जोडणीच वापरावी.

छातीच्या जोडणीचे दोन प्रकार बाजारात दिसतात. एकात धातूची पक्की रिंग असते, तर दुसऱ्यात पट्ट्याचे दोन फासे असतात, जे कॅराबिनरमध्ये, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत, एकत्र घ्यावे लागतात. दुसरा प्रकार वजनाला हलका आणि स्वस्त आहे, पण घाईत एकच फासा अडकवला जाण्याची भीती राहते. आम्ही धातूच्या रिंगेचा घेतला आणि तो निर्णय योग्य ठरला.

आता शेडमधील चाचणीविषयी. गर्डरला स्लिंग गुंडाळून, खाली गादी घालून, पाय सहज टेकतील अशा बेताने स्टूल ठेवून आम्ही प्रत्येकाला दोन्ही हार्नेसमध्ये दोन-दोन मिनिटे लटकवले. शेजारी कायम दोन माणसे उभी होती. साध्या हार्नेसमध्ये पाठीवरून लटकल्यावर माणूस पुढे झुकला, मांडीचे पट्टे जांघेत रुतले, आणि ज्यांनी छातीचा पट्टा सैल ठेवला होता, त्यांच्या तो गळ्यापर्यंत सरकला. महागड्या हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्यांना आतून जाड अस्तर असल्यामुळे भार पसरला, आणि छातीवरून लटकल्यावर माणूस जवळजवळ बसल्यासारखा राहिला. मामा खाली उतरले आणि कोणी काही न सांगता आपले मांडीचे पट्टे त्यांनी पुन्हा आवळून घेतले. पट्टे किती आवळावेत, याची आमची खूण साधी आहे : मांडी आणि पट्टा यांमध्ये सपाट हात जावा, मूठ जाऊ नये.

मापाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. दोन्ही हार्नेस ‘फ्री साइज’ म्हणून मिळाले. आमचा सर्वांत तरुण मदतनीस जेमतेम ५० किलोचा आहे. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही पाठीची रिंग त्याच्या खांद्यांच्या मधोमध येण्याऐवजी खाली लोंबत होती. अशा वेळी हार्नेस आहे म्हणून समाधान मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. त्याच्यासाठी लहान मापाचा वेगळा हार्नेस मागवावा लागला आणि त्यासाठी तीन आठवडे थांबावे लागले. त्या काळात त्याला आम्ही चढवले नाही.

मोबाइलच्या जाळीदार टॉवरवर मधोमध दोर नसतो, तेथे दुहेरी, म्हणजे दोन फाट्यांचे, लॅनयार्ड लागते. दोन मोठे हूक आळीपाळीने वर अडकवत जायचे आणि कोणत्याही क्षणी एक हूक तरी पक्का असायचा, अशी ती पद्धत आहे. यासाठी सुमारे ५० मिलिमीटर उघडणारा स्कॅफोल्डिंग हूक घ्यावा, कारण छोटा हूक अँगलवर बसतच नाही आणि मग माणसे लॅनयार्डच अँगलभोवती गुंडाळून हूक त्याच्याच पट्टीत अडकवतात, ज्यासाठी ती पट्टी बनवलेली नसते. आणखी एक सवय मोडायला आम्हाला दोन महिने लागले. मोकळा हूक चालताना आड येऊ नये म्हणून तो कमरेच्या रिंगेला अडकवला जातो. पण त्या स्थितीत माणूस पडला, तर भार एका फाट्यातून थेट दुसऱ्या फाट्यात जाऊन शॉक अॅब्सॉर्बर उसवतच नाही. मोकळा हूक ठेवण्यासाठी चांगल्या हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्यावर जोर पडताच सुटणारा छोटा फासा असतो, तोच वापरावा. कमरेच्या दोन रिंगा खांबाला टेकून दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी आहेत. पडणाऱ्याला अडवण्याचा भार त्यांच्यावर टाकायचा नसतो.

टिकाऊपणाविषयी सांगायचे, तर पट्टे पॉलिएस्टरचे आहेत आणि पठारावरच्या पावसात व धुक्यात त्यांनी चांगला दम धरला. बकलांना मात्र एका पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले. साखर कारखान्यात खरी काळजी घ्यावी लागते. पॉलिएस्टर तीव्र अल्कलीपुढे कमजोर पडते, आणि कारखान्यात रस शुद्ध करण्यासाठी चुन्याचे दूध, तर इव्हॅपोरेटर (रस आटवण्याची भांडी) धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. आमच्या एका पट्ट्यावर चुन्याचे शिंतोडे वाळून तेथील धागे राठ झाले, तो हार्नेस आम्ही लगेच बाजूला काढला. वेल्डिंगची ठिणगीही तितकीच वाईट. धुताना कोमट पाणी व सौम्य साबण वापरावा आणि पट्टे सावलीतच वाळवावेत. उन्हात टाकलेला हार्नेस बाहेरून धडधाकट दिसत असला, तरी धागा आतून जीर्ण होत जातो.

पाण्याच्या टाकीच्या शिडीला गोल पिंजरा असेल, तर हार्नेसची गरज नाही, असे अनेक ग्रामपंचायतींत ऐकायला मिळते. पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही. तो सरळ खाली जाणाऱ्या माणसाचा मार्ग फक्त अरुंद करतो. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार नोव्हेंबर २०१८ पासून तेथे नव्याने बसवायच्या २४ फुटांपेक्षा उंच स्थिर शिड्यांना केवळ पिंजरा चालत नाही, दोर-पकडीसारखी व्यवस्था लागते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३२ मध्येही उंचावरून पडण्याचा धोका असेल तेथे संरक्षणाची तरतूद करण्याची जबाबदारी सांगितलेली होती. ती मजुराच्या सवयीवर सोडलेली नव्हती.

हार्नेस घेताना अडवलेल्या माणसाला खाली कसे आणायचे, याचाही विचार त्याच दिवशी करावा. निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल साताऱ्याहून चाळकेवाडीपर्यंत येईतो वाट पाहणे हा उपाय होऊ शकत नाही. आम्ही प्रत्येक हार्नेसला पाय ठेवून उभे राहता येईल अशी पट्टी लावली आहे आणि मनोऱ्यावर कधीही एकट्याला पाठवत नाही. महागड्या हार्नेसबरोबर ही पट्टी मिळायला हवी होती. ती वेगळी विकत घ्यावी लागली, हे मला खटकले.

खरेदी करताना लेबल वाचता येते का, ते आधी पाहावे. मानक क्रमांक, उत्पादनाची तारीख, बॅच आणि अनुक्रमांक यांपैकी काही पुसट असेल, तर तो हार्नेस कितीही स्वस्त असला तरी परत करावा. पूर्वी एका दुकानातून घेतलेल्या हार्नेसची लेबले दुसऱ्या धुण्यातच कोरी झाली होती आणि तो किती जुना आहे, हे सांगायला काहीच उरले नव्हते.

चढण्यापूर्वीची तपासणी रोजचीच आहे. पण वर्षातून एकदा प्रत्येक शिवण उजेडात धरून पाहण्यासाठी आम्ही खंडेनवमी ठरवली आहे. त्या दिवशी अवजारांची पूजा होते, आणि त्याआधी सगळे हार्नेस अंगणात दोरीवर पसरून एकेक बकल उघडून पाहिले जाते. यंदा बारांपैकी दोन बाद झाले : एक चुन्याने खराब झालेला आणि दुसरा मांडीच्या पट्ट्याची कड फुगलेला. दोन्ही मामांनी कात्रीने खांद्यापाशी कापले, म्हणजे पुन्हा ते कोणी अंगावर घालणार नाही, आणि त्यांच्या जागी छातीच्या रिंगेचेच दोन मागवले आहेत.