माळ्यावरची खेळणी: भाचीला, अंगणवाडीला, मोडीत की आपल्याकडेच?

आमच्या माहेरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिन्याभरात फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता, त्यामुळे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक शेवटी खाली उतरली. आत माझी पितळी भातुकली, दादाचा मेकॅनो (पट्ट्या स्क्रू-नटांनी जोडून क्रेन-गाड्या बनवायचा खेळ), लाकडी ठोकळे, सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं, डोळे मिटणारी बाहुली आणि आजीने जुन्या लुगड्याचा शिवलेला हत्ती. आई म्हणाली, काय ते ठरव बाई, भाड्याच्या घरात माळा नाहीये. मला ठरवायला तीन आठवडे लागले. तुमच्याकडे अशीच ट्रंक उघडायची असेल तर मी काय काय तोलून पाहिलं ते सांगते.

पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो, घरातल्याच मुलाला देऊ. माझी भाची सहा वर्षांची, तिला भातुकली दिली. चूल, जातं, कढई, झारा, पळी, खलबत्ता, आणि इतकुसा बंब ज्याला खरी फिरणारी तोटी आहे. कढईच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं माहेरचं नाव घातलंय, मोठ्या भांड्यांवर घालतात तसंच. भाचीने पहिल्याच दिवशी बंबात लिंबू सरबत ओतलं आणि मी ओरडलेच, अगं कल्हई नाही त्याला, आंबट कळकतं! ते खरंच आहे, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही ठेवून मुलांना प्यायला देऊ नका. पण त्यानंतरही मी दर पाच मिनिटांनी टोकतच होते, जातं आपटू नकोस, पळी गॅलरीत नेऊ नकोस, शेवटी वहिनी म्हणाली, "अगं, तिला दिलंयस ना तू?" त्यावर मी गप्प बसले.

तर घरात देण्याचा फायदा हा की खेळण्याबरोबर त्याची गोष्टही जाते, आणि वस्तू अधूनमधून डोळ्यांना दिसते. तोटाही तोच, वस्तू डोळ्यांसमोर असते. पोचा पडलेला बघवणार असेल, एखादी पळी हरवली तर चालणार असेल, तरच घरात द्या, नाहीतर ते मूल खेळणार नाही, नुसतं तुमची वस्तू सांभाळत बसेल.

अंगणवाडी किंवा संस्थेचं वेगळं असतं. तिथे तुमच्या आठवणीशी कुणाला घेणंदेणं नसतं, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे, खेळणं फक्त खेळणं होतं. पण आधी जाऊन विचारा. मी विचारलं तर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, बाहुल्या नि टेडी खूप येतात हो, ठोकळे असतील तर द्या, आणि सेट पूर्ण असेल तरच द्या. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी कोपऱ्यात रचलेली पोती पाहिली होती, चाक नसलेल्या गाड्या, हात तुटलेल्या बाहुल्या, अर्धे पझल, लोकांनी घर आवरून आणून टाकलेलं सगळं. तिथल्या मुलांना तुटकं चालतं असं कसं काय वाटतं लोकांना, मला अजून राग येतो त्याचा. म्हणून ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, उन्हात वाळवून, एकेक बघून दिले. मेकॅनो मात्र अंगणवाडीत नाही चालत, तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं असतात आणि स्क्रू-नट तोंडात जातात. दादाने दोन संध्याकाळी बसून स्क्रू मोजले, कमी पडले ते हार्डवेअरच्या दुकानातून आणले आणि पेटी वस्तीतल्या अभ्यासिकेत मोठ्या मुलांना दिली. देताना तो काहीच बोलला नाही पण गाडीत बसल्यावर म्हणाला, क्रेनची पुली जरा घट्ट आहे, सांगायला पाहिजे होतं.

आता रंगाचं. आपल्या लहानपणीच्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आणि खेळण्यांवर आयएसआय मार्क 2021 च्या जानेवारीपासून सक्तीचा झाला, ट्रंकेतलं सगळं त्याच्या कितीतरी आधीचं. त्यामुळे रंगाचे टवके उडालेलं काही लहान मुलांच्या हातात देऊच नका, मग ते घरातलं मूल असो की अंगणवाडीतलं. आमची लाकडी फळं याच कारणाने आईच्या शोकेसमध्ये गेली.

विकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोडीत पितळेचा भाव वजनावर मिळतो, त्यात बंबाची तोटी फिरते की नाही याला किंमत शून्य. जुन्या वस्तू जमवणारे लोक जास्त देतात, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन गिऱ्हाईक मिळतं. पैशांची खरंच गरज असेल तर बिनधास्त विका, त्यात वाईट काही नाही, पण नुसती जागा करायची म्हणून मोडीत घालू नका.

राहिलं ठेवून घेणं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, मुलं जी चिंधी किंवा मऊ खेळणं सोडत नाहीत त्यावर त्यांनी 1951 मध्ये निबंध वाचला होता. ते म्हणतात मूल मोठं झालं की ती वस्तू विसरत नाही आणि तिच्यासाठी रडतही नाही, ती हळूहळू बाजूला पडते. आणि एक, अशी वस्तू आई शक्यतो धूत नाही, कारण धुतली की मुलासाठी ती तीच राहत नाही. माझा हत्ती अगदी तसाच, सोंडेपाशी चघळून चघळून काळा पडलेला. न धुता कुणाला देता येणार नाही आणि धुवायचा नाहीये. मग देण्याच्या यादीतून तो काढला. एखादी वस्तू अशी निघतेच, ती ठेवा, पण एखादीच, ट्रंकभर नाही.

मुलांची खेळणी देणार असाल तर त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. मी सहावीत असताना माझी दुसरी बाहुली न विचारता कुणालातरी देऊन टाकली होती, ज्या मुलीला मिळाली तिचा आनंद मला आज कळतो, पण शाळेतून आल्यावर रिकामा कोनाडा बघितला होता तो अजून आठवतो. ट्रंकेतली बाहुली मात्र मी स्वतः शेजारच्या ताईंच्या नातीला दिली, एक डोळा अडकतो, डोकं जरा हलवायचं, हे दाखवून.

काल भाचीचा व्हिडिओ कॉल आला, आत्या, बंब गळतोय. तोटीला तिने आईचं केसांचं रबर गुंडाळलं होतं, खाली कढई ठेवली होती, आणि दर दोन मिनिटांनी ती कढई उचलून पाणी परत बंबात ओतत होती.