घोट्यासाठी घ्या, स्मॅशसाठी नको: बोसू बॉल आणि वॉबल बोर्ड

राहायला ठाण्यात वर्तकनगरला, वय चाळिशीपार. सकाळी बॅडमिंटन, रविवारी येऊर. उजवा घोटा सारखा मुरगळायचा, म्हणून फिजिओने लाकडी वॉबल बोर्ड, म्हणजे खाली गोलसर बूड असलेली डुगडुगती फळी, घ्यायला लावला. बोसू, म्हणजे एका बाजूने सपाट असलेला हवा भरलेला अर्धा रबरी चेंडू, मी हौसेने घेतला. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही वापरतोय.

बोर्डाचे पैसे वसूल. बॅककोर्टला मागे धावताना पाय वाकडा पडला की पूर्वी खेळ तिथेच संपायचा. आता पाय कलतो आणि लचकायच्या आत सावरतो. एकदा मुरगळलेल्या घोट्याकडून पाय कलल्याची खबर उशिरा पोचते आणि नडगीच्या बाहेरचे पेरोनियल स्नायू सुस्त राहतात. बोर्डावर त्यांना डुलकी काढता येत नाही. अमेरिकेत शाळकरी फुटबॉल-बास्केटबॉलच्या ७६५ खेळाडूंवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अशा सरावाने घोटा मुरगळणं बरंच कमी झालं होतं.

गंमत म्हणजे सगळ्यात कस लागतो तो फुकटच्या प्रकारात: अनवाणी, साध्या फरशीवर, एका पायावर, डोळे मिटून. नजरेचा आधार गेला की भिस्त आतल्या कानावर आणि पायावर. पायाची बोटं फरशी पकडायला धडपडतात, घोट्याच्या बाजूची शीर थरथरते, आणि दहा आकडे मोजेपर्यंत दुसरा पाय खाली येतो. हे जमायला लागल्यावरच बोर्डावर चढा.

आता बोसू. त्यावर डंबेल घेऊन स्क्वॉट मारले की स्मॅशला ताकद येते, हे जिममधलं ज्ञान मला पटलेलं नाही. पायाखालचं डुगडुगत असेल तर शरीर आधी पडू नये हे बघतं, जोर मागे राहतो, वजनही कमीच उचललं जातं. आणि कोर्ट काही हलत नाही! माझी उडी आणि लंज (एक पाय लांब पुढे टाकून झुकणं) सुधारले ते टणक जमिनीवरच्या स्क्वॉटने आणि दोरीच्या उड्यांनी. बोसूवरचा तोल बोसूपुरता.

शिवाय वस्तू म्हणूनही कुरकुर आहेच. माझ्याकडच्याची हवा दर थोड्या दिवसांनी उतरते, बुचाला पकड नाही. रबराचा वास महिनाभर गेला नाही. गुळगुळीत टाइल्सवर तो सरकतो, खाली रबरी मॅट लागतेच. बोर्डही मॅटवरच ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात.

ताजी सूज असेल तर यातलं काहीच नको, आधी फिजिओ. एकच घ्यायचं असेल तर बोर्ड घ्या.