स्प्रिंग ट्रेनिंग: फेब्रुवारीत जावं, मार्चमध्ये, की घरूनच ऐकावं?

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगचा मोसमाआधीचा सराव आणि सराव सामने. तुमची टीम आधीच ठरलेली असेल तर अ‍ॅरिझोना की फ्लोरिडा हा प्रश्न तुमच्या हातात उरत नाही. मेजर लीगच्या 30 टीम्सपैकी 15 अ‍ॅरिझोनात सराव करतात आणि 15 फ्लोरिडात. जायंट्स, डॉजर्स, कब्ज, पाड्रेज अ‍ॅरिझोनात. यांकीज, मेट्स, फिलीज, रेड सॉक्स फ्लोरिडात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या जायंट्सवेड्या मराठी घराला स्कॉट्सडेल गाठावं लागतं, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मेट्सवाल्यांना पोर्ट सेंट लूसी. आपल्या हातात राहतात ते दोन निर्णय: जायचं की घरून पाठपुरावा करायचा, आणि जायचंच तर नेमकं कधी. यातला ‘कधी’ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आठवडा चुकला तर ज्याच्यासाठी विमानाचं तिकीट काढलं तो खेळाडू नऊपैकी दोन इनिंग खेळून गायब होतो, किंवा मैदानावर उतरतच नाही.

फेब्रुवारीचा मध्य: मॅच नाही, नुसता सराव

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे तो झेलणारे) दाखल होतात, बाकीचे खेळाडू त्यानंतर काही दिवसांनी. मॅचेस सुरू होईपर्यंत महिन्याची 20 तारीख उलटते. या मधल्या दिवसांत अनेक टीम्स सकाळचा सराव लोकांना फुकट बघू देतात. मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची मैदानं असतात, मध्ये जाळीचं कुंपण आणि कुंपणाला टेकून आपण. दुपारच्या जेवणापर्यंत सगळं आटोपतं, त्यामुळे सकाळी लवकर पोचावं लागतं. कोणत्या दिवशी कोणतं फाटक उघडं असेल हे टीमच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्यावं, कारण दर वर्षी त्यात बदल होतात.

नवख्या माणसाला हा सराव कंटाळवाणा वाटू शकतो. ज्याला खेळाची गोडी आहे त्याने मात्र तो एकदा तरी बघावाच. उदाहरणार्थ, पिचर्सचा फील्डिंगचा सराव. पाच-सहा पिचर रांगेत उभे. पहिला माउंडवरून, म्हणजे मैदानाच्या मधल्या उंचवट्यावरून, नुसती टाकल्याची कृती करतो. त्याच क्षणी प्लेटजवळचा, म्हणजे बॅटरच्या जागेजवळचा, कोच बॅटने फर्स्ट बेसच्या (बॅटरला पहिल्यांदा गाठायच्या तळाच्या) बाजूला सरपटी चेंडू मारतो. फर्स्ट बेसमन तो अडवायला पुढे येतो, म्हणजे त्याची जागा रिकामी पडते. पिचरने तिरकं न धावता आधी रेषेकडे, मग रेषेला समांतर धावत बेस गाठायचा, धावता धावता चेंडू झेलायचा आणि बेसच्या आतल्या कडेवर पाय टेकवायचा, म्हणजे बॅटरशी टक्कर होत नाही. कोट्यवधी डॉलर्स कमावणारा माणूस रोज सकाळी हे पुन्हा पुन्हा करतो. चुकला तर रांगेत मागे जाऊन परत. ऑक्टोबरच्या बाद फेरीत एखादी मॅच याच एका पावलावर फिरते, आणि टीव्हीवर ते पाऊल दिसायच्या आत कॅमेरा दुसरीकडे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट बुलपेनची, म्हणजे पिचर जिथे चेंडू टाकायचा सराव करतात त्या जागेची. ताशी 95 मैलांचा चेंडू कॅचरच्या ग्लव्हवर आदळतो तो आवाज दहा-बारा फुटांवरून ऐकला की वेग हा आकडा राहत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर फेब्रुवारीच उत्तम: गर्दी कमी, खर्च कमी, खेळाडू निवांत. सही हवी असेल तर नवा चेंडू आणि साधं निळं बॉलपेन न्यावं. मार्करची शाई चेंडूच्या कातड्यावर फुटते.

तोटा उघड आहे. मॅच नाही, धावफलक नाही. बेसबॉलशी नुकतीच ओळख झालेला जोडीदार बरोबर असेल तर दुसऱ्या सकाळी तो विचारणार की खेळ कधी सुरू होणार.

मार्चचा पहिला आठवडा

या दिवसांत नियमित खेळाडू दोन-तीन वेळा बॅटिंग करून चौथ्या-पाचव्या इनिंगला बाहेर पडतात. सुरुवातीचा पिचर एखाद-दुसरी इनिंग टाकतो, पुढे दर खेपेला थोडी वाढवतो. सातव्या इनिंगपासून मैदानावर पाठीवर 87, 93 असे आकडे आणि नाव नसलेले शर्ट दिसायला लागतात. ही मायनर लीगची, म्हणजे खालच्या स्तरावरच्या टीम्सची पोरं. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली तर बरोबरीतच मॅच संपते, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नाही.

अर्धं स्टेडियम सहाव्या इनिंगला उठून जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्या वेळी उठू नका. वरून मोकळ्या झालेल्या जागांवर खाली सरकता येतं, आणि समोर खेळत असतात ते दोन-तीन वर्षांनी तुमच्या टीमचा कणा होणारे. त्यांच्यासाठी ही एक बॅटिंग म्हणजे मोठ्या कोचसमोरची परीक्षा असते. सुटलेल्या साध्या चेंडूमागे ते जिवाच्या आकांताने धावतात ते त्यामुळेच. मोसमाच्या 162 मॅचेसमध्ये ही धडपड क्वचित बघायला मिळते.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. काही दिवशी टीम दोन भागांत विभागली जाते, निम्मी घरी खेळते आणि निम्मी दुसऱ्या गावी. शिवाय मोठे खेळाडू लांबचा बसप्रवास टाळतात. पाहुण्या टीमने किमान चार नियमित खेळाडू आणावेत असा नियम आहे, पण चार म्हणजे चारच. म्हणून आपल्या टीमची मॅच तिच्या घरच्या मैदानावरच बघावी. ज्या वर्षी वर्ल्ड बेसबॉल क्लासिक असते, जशी 2023 आणि 2026 ची, त्या वर्षी मार्चच्या पूर्वार्धात बडे खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला गेलेले असतात. अशा वर्षी पहिला आठवडा सोडून द्या.

मार्चचा शेवट

इथे खेळ मोसमासारखा दिसतो. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकतो, बॅटिंगचा क्रम खरा असतो, नियमित खेळाडू जवळजवळ पूर्ण मॅच खेळतात. मोसमासाठीच्या 26 जणांच्या यादीत शेवटच्या एक-दोन जागा कुणाला मिळणार याची चुरस टोकाला पोचलेली असते. छावणीला निमंत्रण मिळालेला, करार फक्त मायनर लीगचा असलेला पस्तिशीतला एखादा रिलीव्हर (मॅचच्या मध्यात येणारा पिचर) आठव्या इनिंगला येतो तेव्हा त्याची प्रत्येक पिच त्याच्या पोटापाण्याची असते. हे नाट्य ज्याला बघायचं त्याने याच आठवड्यात जावं.

पण जवळीक संपलेली असते. सराव आवरता घेतलेला, खेळाडू आपल्याच विचारात, सह्या मिळणं अवघड. शिवाय शाळांच्या सुट्ट्यांमुळे दोन्ही राज्यांत हॉटेलं चढ्या भावाने जातात. फ्लोरिडात समुद्रकिनाऱ्यालगत तर विचारूच नका.

दोन राज्यांतला फरक

अ‍ॅरिझोनाच्या पंधराही टीम्स फीनिक्सच्या अवतीभवती दहा स्टेडियममध्ये सामावलेल्या आहेत. मेसापासून सरप्राइजपर्यंत, म्हणजे अगदी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, रहदारी नसेल तर तासाभराचं अंतर. दुपारी एक मॅच आणि संध्याकाळी दुसरी, असं एकाच दिवशी सहज जमतं. कब्जचं स्लोन पार्क सर्वांत मोठं, 15 हजार लोकांचं, आणि शिकागोहून थंडीला कंटाळून आलेली माणसं ते भरून टाकतात. डायमंडबॅक्स आणि रॉकीज यांचं सॉल्ट रिव्हर फील्ड्स पिमा-मारिकोपा आदिवासी समाजाच्या जमिनीवर 2011 मध्ये उभं राहिलं. आउटफील्डच्या मागे गवताचा उतार, त्यावर चादर टाकून बसायचं, लांबवर डोंगर. कब्ज, डॉजर्स, जायंट्स यांची तिकिटं महाग पडतात. खिशाला परवडणारं हवं असेल तर त्याच टीम्स गुडइयरला किंवा मेरीवेलला पाहुण्या म्हणून येतात तेव्हा बघाव्यात, मात्र वर सांगितलेला चार खेळाडूंचा नियम डोक्यात ठेवून. दुपारचं ऊन कडक असतं. रात्रीच्या मॅचला फेब्रुवारीत जाकीट लागतंच.

फ्लोरिडा पसरलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पाहून पूर्वेकडच्या वेस्ट पाम बीचला जायला गाडीने तीन तासांहून जास्त लागतात. त्यामुळे तिथे एक पट्टा धरून राहावं. पूर्वेला पोर्ट सेंट लूसी, जुपिटर आणि वेस्ट पाम बीच एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत, आणि मेट्स, कार्डिनल्स, मार्लिन्स, अ‍ॅस्ट्रोज, नॅशनल्स या पाच टीम्स आपापसातच जास्त खेळतात. पश्चिमेला टॅम्पा, क्लिअरवॉटर, डनीडिन हा यांकीज, फिलीज, ब्लू जेजचा पट्टा. त्यात क्लिअरवॉटर मला विशेष आवडतं, मॅच संपली की समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाची सर आली तर फ्लोरिडातली मॅच रद्द होऊ शकते आणि ती बहुधा पुन्हा होत नाही.

इतिहासाची ओढ असेल तर पारडं फ्लोरिडाकडे झुकतं. टायगर्स 1934 पासून लेकलँडला येतात. ब्रेडेंटनचं पायरेट्सचं मैदान 1923 मधलं आहे. याच पायरेट्सने 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं आणि ते ब्रेडेंटनलाच घडले. डेटोना बीचला आता कोणतीही मेजर लीग टीम सराव करत नाही, पण 17 मार्च 1946 रोजी जॅकी रॉबिन्सन, पुढे मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू, जिथे डॉजर्सच्याच मायनर लीगच्या मॉन्ट्रिअल टीमकडून डॉजर्सविरुद्ध खेळला ते मैदान तिथे आहे आणि त्याचंच नाव त्याला दिलेलं आहे. गाडी थोडी वाकडी करून जावं असं ते ठिकाण आहे.

एकच खेप जमणार असेल आणि क्लासिकचं वर्ष नसेल, तर मी मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या बाजूने आहे: सकाळी मागच्या मैदानांवर, दुपारी मॅच. फेब्रुवारी लहान मुलांच्या आईबापांसाठी. शेवटचा आठवडा त्यांच्यासाठी, जे आधी एकदा जाऊन आलेत आणि ज्यांना टीमच्या विस्तारित 40 जणांच्या यादीतलं प्रत्येक नाव पाठ आहे.

घरून पाठपुरावा

याला दुय्यम समजू नका. नोकरी, शाळा, व्हिसा, खर्च, कारणं खरी असतात. टीव्हीवर सगळ्या मॅचेस दाखवत नाहीत, पण रेडिओचं प्रक्षेपण बऱ्याच मॅचेसचं असतं आणि लीगच्या अ‍ॅपवर ते ऐकता येतं. स्प्रिंग ट्रेनिंगपुरतं मी रेडिओलाच झुकतं माप देते. निकालाचं दडपण नसल्यामुळे टीमचे स्वतःचे समालोचक सैलावतात: हा पोरगा कुठल्या गावचा, गेल्या वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने ग्रिप कशी बदलली, कोचचं त्याच्याबद्दल काय मत आहे. एप्रिलमध्ये हे सांगायला त्यांना सवड नसते.

आकडे मात्र जपून वाचा. अ‍ॅरिझोनाची हवा कोरडी आणि विरळ, त्यात चेंडू लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल कमी वळतो. तिथे कुणी पाच होम रन मारले म्हणून हुरळून जाऊ नये, आणि पिचरने मार खाल्ला म्हणून हाय खाऊ नये. कित्येकदा तो फक्त एक नवी पिच घोटवत असतो. मी दोनच गोष्टी टिपून ठेवते: पिचरचा वेग गेल्या वर्षीइतका आहे का, आणि तरुण बॅटर बाहेरचे चेंडू सोडून वॉक (फुकटचा पहिला बेस) घेतोय की बाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवतोय. स्ट्राइक की बॉल, म्हणजे चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही, या पंचाच्या निर्णयाला टोपीवर हात मारून आव्हान द्यायची पद्धत 2025 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये चाचणीला होती आणि 2026 पासून ती मोसमातही लागू आहे. प्रत्येक टीमला दोन आव्हानं, तीही फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच द्यायची. कोणता कॅचर ती योग्य वेळी वापरतो, हे मार्चमध्येच कळायला लागतं.

भारतात बसून ऐकणाऱ्यांसाठी वेळेचं गणित असं: अ‍ॅरिझोनातली दुपारी 1 वाजून 5 मिनिटांची मॅच आपल्याकडे रात्री 1:35 ला लागते, म्हणजे ती सोडूनच द्यावी, पण संध्याकाळी 6:40 ची मॅच सकाळी 7:10 ला सुरू होते आणि ऑफिसला निघेपर्यंत निम्मी ऐकून होते. फ्लोरिडातली दुपारची मॅच फेब्रुवारीत रात्री 11:35 ला असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे गेली की ती 10:35 वर येते. अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे तिथल्या मॅचची आपली वेळ शेवटपर्यंत तीच राहते.