फोकस तपासायला तिरपी पट्टी की सपाट कागद?

डीएसएलआरवर लेन्स नेम धरलेल्या जागेच्या थोडं पुढे किंवा मागे फोकस करते असा संशय आला, तर घरच्या घरी तपासायचे दोन मार्ग आहेत. एक, ४५ अंशांत तिरपी ठेवलेली पट्टी. दुसरा, भिंतीवर सपाट चिकटवलेला बारीक छपाईचा कागद आणि लाइव्ह व्ह्यू, म्हणजे व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करणं. मी दोन्ही वापरले आहेत.

पट्टीचा गुण मान्य करायलाच हवा: फोकस कुठल्या बाजूला सरकलाय ते एका फोटोत दिसतं. कागदावर कॅमेऱ्यातली एएफ फाइन-ट्यून (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची सेटिंग) −१०, −५, ०, +५, +१० वर ठेवून फोटो काढून ताडून बघत बसावं लागतं.

पण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकस पॉइंटचं खरं क्षेत्र बहुतेक वेळा मोठं असतं. नेम धरायचा शून्याच्या रेघेवर, आणि कॅमेरा पकडतो खालचा ठळक आकडा, जो तिरप्या पट्टीवर आपल्याला जवळ असतो. एका फोटोत लेन्स पुढे फोकस करते असं वाटतं, लगेच पुढच्या फोटोत सगळं ठीक. दोष लेन्सचा की पट्टीचा, काही कळत नाही. याच एका गोष्टीने माझं मन पट्टीवरून उडालं. कागद सेन्सरला समांतर असला की कॅमेऱ्याने कुठलीही रेघ पकडो, अंतर जवळपास तेच. शिवाय लाइव्ह व्ह्यूत फोकस थेट मुख्य सेन्सरवर जुळतो, आरशाखालच्या फोकस सेन्सरवर नाही. म्हणून तो फोटो प्रमाण धरून बाकीचे त्याच्याशी ताडता येतात. फक्त प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा.

ताडोबा-पेंचसाठी १५०-६०० मिमीची झूम लेन्स बाळगणाऱ्या नागपूरकरांनी तर कागदच बघावा, असं मला वाटतं. फोकल लेंग्थच्या ५० पट अंतर धरलं तर ६०० मिमीला ३० मीटर होतात. तिथे एफ/६.३ वर डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो) अर्ध्या मीटरहून जास्त, म्हणजे फूटपट्टी अख्खीच फोकसमध्ये! १५ मीटरवर कागद लावला तरी माझं काम भागतं. एप्रिल-मेमध्ये मात्र हे उजाडताच उरकून घ्या. गच्ची तापली की हवा थरथरते आणि बारीक रेघा लाटांसारख्या हलतात. मग कुठलीच पद्धत उपयोगाची नाही.

निकॉन डी५६०० किंवा कॅनन १५००डी सारख्या बॉडीत ही फाइन-ट्यूनची सेटिंगच नाही. लेन्स सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी किंवा स्पोर्ट्स मालिकेतली असेल तर यूएसबी डॉकने (लेन्स संगणकाला जोडायचं साधन) लेन्समध्येच बदल करता येतो. झूमला चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं, म्हणजे १६ आकडे. तिथे दिशा पटकन कळावी म्हणून सुरुवातीला पट्टी लावायला हरकत नाही, पण शेवटचा आकडा मी कागदावरच ठरवतो.