एमएफएच्या निकालाची वाट कुठे पाहायची: रत्नागिरीत की मालवणात?

आखातातली नोकरी सोडून किंवा लांब रजा टाकून कोकणात यायचं, अमेरिकेतल्या सर्जनशील लेखनाच्या एमएफए या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशाचे निकाल इथेच बसून घ्यायचे आणि मधल्या काळात फिरायचं, असा बेत असेल तर समुद्र खोलीपासून किती पावलांवर आहे हे सगळ्यात शेवटी बघा. आधी फोन, मग रेल्वे, मग कागदपत्रं. या तिन्हींत रत्नागिरी पुढे आहे. मालवण सुंदर आहे, पण ते १५ एप्रिलनंतरचं, म्हणजे विद्यापीठांना उत्तर द्यायची मुदत संपल्यावरचं गाव आहे.

निकाल साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत येतात आणि बऱ्याचदा चांगली बातमी आधी फोनवर कळते. आयोवा किंवा ऑस्टिनच्या विद्यापीठाचं ऑफिस त्यांच्या ९ ते ५ मध्ये चालू असतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ८:३० ते पहाटेचे ४:३० वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ही वेळ ७:३० ते ३:३० अशी होते. म्हणजे फोन येणार तो तुम्ही झोपलेले असताना. मालवण, तारकर्ली, देवबागच्या माडाच्या बागांतली जुनी घरं जाड चिऱ्याची. पडवीत रेंज असते, माजघरात दोन पावलं आत गेलं की जाते. रात्री फोन उशाशी घेऊन झोपलात तरी तो वाजतच नाही. खोली ठरवण्याआधी घरमालकांना आतल्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावायला सांगा, तो तुटला तर दुसरं घर बघा. इन्व्हर्टरला राउटरही जोडलाय का, हेही विचारा; बहुतेक ठिकाणी फक्त दिवा-पंखा जोडलेला असतो. रत्नागिरी शहरात ही अडचण बरीच कमी.

फोन चुकण्याचं दुसरं कारण गावाशी संबंधित नाही. अर्जावर नंबर मस्कत-दुबईचा आणि इथे आल्यावर ते सिम बंद. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर भारतीय नंबर घाला आणि विभागाच्या समन्वयकाला दोन ओळींचा ईमेल टाका. अनोळखी नंबर अडवणारं सेटिंग महिनाभर बंद ठेवा.

मालवणात रेल्वे नाही. कुडाळला उतरून साधारण ३० किलोमीटर रस्ता आहे. रत्नागिरीचं स्टेशनही शहराबाहेर, कुवारबावजवळ, पण रिक्षाच्या टप्प्यात. मालवणच्या बाजूचा खरा जोरकस मुद्दा एकच: गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार असाल तर ते कितीतरी जवळ पडतं. मात्र अचानक मुंबई गाठायची वेळ येते तेव्हा रत्नागिरीहून वाचणारे काही तास फार मोलाचे ठरतात. त्यात शिमगा नेमका निकालांच्या दिवसांत येतो. चाकरमानी गावी आले की गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी परतीचं तिकीट काढून ठेवा.

लिहायला-वाचायला बसण्यासाठी रत्नागिरीत १८२८ सालचं नगर वाचनालय आहे. मालवणात खोली किंवा किनारा.

१५ एप्रिलपर्यंत एका रात्रीपेक्षा लांबचा प्रवास करू नका. गणपतीपुळे आणि केशवसुतांचं मालगुंड एका दिवसात होतं. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची तर एक रात्र धरा, कारण पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. आर्थिक मदतीसह जागा मिळाली असेल तर उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत थांबण्याचा आपसातला करार मान्य केलेली अमेरिकी विद्यापीठं त्याआधी उत्तरासाठी अडून बसत नाहीत. ही मुदत पुरी वापरा. हातात दोन जागा असतील तर मात्र नको असलेली लगेच सोडा, तिच्यावर प्रतीक्षायादीतलं कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. तुम्ही स्वतः त्या यादीत असाल तर १० ते १६ एप्रिल फोनपासून हलू नका. त्यांच्या १५ तारखेचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्या १६ तारखेच्या पहाटेचे ३:३०.

मग मालवण. सिंधुदुर्गाची होडी, स्कूबा, देवबागची खाडी, आणि फोन दिवसभर किनाऱ्यावर ठेवता येतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या, पावसाळ्यात होड्या बंद असतात.

परदेशी सहलीचं तिकीट मात्र व्हिसा होईपर्यंत काढू नका. विद्यापीठाकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र आलं की ३५० डॉलरचं सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क, मग डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, बोटांचे ठसे आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत मुलाखत. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट तिथेच राहतो, परत मिळेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशात द्यायची असते. आखातातला रहिवासी परवाना रद्द केलात तर तिथला पर्याय संपला. मुलाखत जूनच्या मध्यानंतर पडली तर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, म्हणजे कमी वेगाने धावत असते. एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून निघा आणि आय-२० पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्या.