बीडाचे गंजलेले पाइप: ऑइल पेंट, इपॉक्सी की डांबरी रंग?

जुन्या नाशकात, पंचवटीत घरांच्या मागच्या भिंतीवरचे ४ इंची बीडाचे (कास्ट आयर्नचे) पाइप बहुतेकदा आतून धडधाकट असतात, गंज वरवरचा असतो. रंग कोणता लावायचा, ते पाइप आणि भिंत यांच्यामध्ये ब्रश किती शिरतो त्यावर ठरवा.

आधी लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहा. बीड ठिसूळ, जोर नको. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर तडा असू शकतो. मागची बाजू आरशात बघा. चीर किंवा सॉकेटमधली (दोन पाइपांच्या जोडातली) गळती रंगाने थांबत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. मग थिनरचं फडकं घासा. काळपट-तपकिरी डाग आला तर खाली जुना डांबरी थर आहे, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते: त्यावर थेट ऑइल पेंट मारला की तपकिरी डाग वर फुटतात. अशा वेळी मध्ये ॲल्युमिनियम पेंटचा एक हात द्या.

ऑइल पेंटचा मोठा गुण म्हणजे तो हाताने केलेली सफाई चालवून घेतो. तारेच्या ब्रशने खपल्या निघाल्या, घट्ट बसलेला गंज थोडा राहिला, तरी झिंक फॉस्फेट प्राइमर धरतो. वर एनॅमलचे, म्हणजे ऑइल पेंटचे, दोन हात. २० फुटी पाइप सॉकेट-बेंडसह साधारण अडीच चौरस मीटर भरतो. तीन पाइपांना प्राइमरच्या एका हाताला सुमारे १ लिटर, एनॅमलच्या दोन्ही हातांना मिळून दीड लिटर धरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क हवाच.

इपॉक्सी जास्त टणक, पण ग्राइंडरने लोखंड उघडं केलं तरच. भिंतीकडच्या बाजूला ग्राइंडर पोचत नाही. तिथे राहिलेला गंज पुढे सबंध पापुद्रा उचलतो. हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा घटक) मिसळलेला रंग मे महिन्यात डब्यातच लवकर घट्ट होतो, तर पारा १० अंशांखाली गेलेल्या रात्री तो नीट सुकत नाही. शिवाय उन्हात भुरकट पडतो, म्हणून वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) हात लागतो, खर्च वाढतो. प्लास्टरसाठी पाइप क्लॅम्पमधून सोडवलेच असतील, तर मात्र इपॉक्सीच करा.

डांबरी काळा रंग स्वस्त, जुन्या डांबरावर छान बसतो, ओल सोसतो. उन्हात मात्र त्याला भेगा पडतात. डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या बंद पोकळीत) आणि चेंबरजवळच्या बुडाला तो योग्य.

भिंतीला लागूनच असलेल्या पाइपांना आमची पसंती ऑइल पेंटला, आणि जमिनीलगतच्या फूटभर भागाला डांबरी. क्रम चुकवू नका: आधी ऑइल पेंट पूर्ण सुकू द्या, मग डांबरी रंग त्यावर २ इंच चढवा.

काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. थंडीत दव सुकल्यावर, दहा-अकरानंतरच ब्रश हातात घ्या. घासलेला भाग त्याच दिवशी प्राइमरखाली गेला पाहिजे, आणि क्लॅम्पच्या मागची फट लांब दांड्याच्या वाकड्या ब्रशने आधी भरून घ्या; नवा गंज तिथूनच सुरू होतो.