एसक्यूलाइट: तारीख आणि वेळ साठवण्याच्या कसोटीवर

मोबाइल ॲपची माहिती फोनमध्येच ठेवायची म्हटले की, अँड्रॉइड असो वा आयओएस, शोध बहुधा एसक्यूलाइटपाशी येऊन थांबतो. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेला हा डेटाबेस लहान, वेगवान आणि भरवशाचा आहे, याविषयी दुमत नाही. हे परीक्षण त्याच्या एकाच अंगाचे आहे. तारीख आणि वेळ सांभाळण्यासाठी त्याने साधने उत्तम दिली आहेत, पण शिस्तीची सगळी जबाबदारी वापरणाऱ्याच्या गळ्यात घातली आहे, असे माझे मत आहे.

मुळात एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी स्वतंत्र डेटा टाइपच, म्हणजे माहितीचा प्रकारच, नाही. टेबल तयार करताना कॉलमपुढे ‘डेटटाइम’ असे लिहिले तर तो ते निमूटपणे स्वीकारतो, आणि मग त्या कॉलमात ‘उद्या सकाळी’ असा मजकूर भरला तरी हूं की चूं करत नाही. ३.३७ आवृत्तीत आलेली ‘स्ट्रिक्ट’ टेबले आकडे आणि मजकूर यांची सरमिसळ रोखतात, परंतु त्यांच्या यादीतही तारखेला जागा नाही. त्यामुळे मजकूर, पूर्णांक किंवा ज्युलियन दिवसांचा (प्राचीन काळातील एका ठरावीक दिवसापासून सलग मोजलेल्या दिवसांचा) अपूर्णांक यांतून एक मार्ग आपणच निवडायचा असतो. ज्युलियन दिवस खगोलशास्त्राला सोयीचे. ॲपमध्ये ते वापरण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

मजकुराचा मार्ग वाचायला सर्वांत सोपा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रम बिघडत नाही; दिवस आधी लिहिला की ‘०१-१२-२०२३’ ही तारीख ‘०२-०१-२०२३’च्या आधी येऊन बसते. ही चूक निदान लवकर दिसते. त्याहून फसवा प्रकार फोनच्या भाषेचा आहे. अँड्रॉइडवर ‘सिंपलडेटफॉरमॅट’ या जावा क्लासला लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशाची निवड, न सांगता तारखेचा मजकूर तयार करून घेतला, तर मराठी भाषा निवडलेल्या फोनवर आकडे देवनागरीत उतरू शकतात. माणसाला तारीख अगदी बरोबर दिसते, पण एसक्यूलाइटची फंक्शने तिच्यासाठी नल, म्हणजे रिकामे मूल्य, परत करतात. आणि पुढे फोनची भाषा बदलली की एकाच कॉलमात दोन लिप्यांतील तारखा नांदू लागतात. डेटाबेससाठी लिहिताना लोकेल ‘रूट’, म्हणजे कोणत्याही भाषेशी न बांधलेले, असावे. फोनची भाषा पडद्यावर दाखवतानाच विचारात घ्यावी.

घडून गेलेल्या क्षणांसाठी, म्हणजे संदेश पाठवल्याची किंवा शेवटच्या सिंकची वेळ ठेवण्यासाठी, पूर्णांकच चांगला. १ जानेवारी १९७० पासून यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) लोटलेला काळ साठवला की तुलना सरळ होते, आणि पूर्णांकाला आठ बाइटपर्यंत जागा मिळत असल्याने १९ जानेवारी २०३८ची प्रसिद्ध अडचण (त्या दिवशी सेकंदांचा आकडा चार बाइटांत मावेनासा होतो) डेटाबेसच्या बाजूने तरी उरत नाही. घोळ होतो तो एककाचा. जावातील नेहमीचे घड्याळ मिलिसेकंद देते, एसक्यूलाइटची फंक्शने सेकंद धरून चालतात, आणि ॲपलच्या कोअर डेटा या माहिती साठवण्याच्या चौकटीची मोजणी १ जानेवारी २००१ पासून सुरू होते, त्यामुळे तो आकडा १९७०पासूनचा समजून वाचला तर प्रत्येक नोंद ३१ वर्षे मागे जाते. अँड्रॉइडवर एसक्यूलाइटसाठी रूम ही लायब्ररी वापरणाऱ्यांना टाइप कन्व्हर्टर (मूल्याचा प्रकार बदलणारा कोड) लिहून हा व्यवहार एकाच जागी बांधून ठेवता येतो. कॉलमच्या नावातच एकक लिहावे, हेही बरे.

पुढच्या काळातील वेळ आली की पूर्णांकाचे गुणगान थांबवावे लागते. सहा महिन्यांनंतरची सकाळी नऊची भेट यूटीसीत बदलून ठेवली आणि मधल्या काळात त्या देशाने घड्याळाचे नियम बदलले, तर स्मरणसूचना चुकीच्या वेळी येईल. सामोआने तर २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला होता. तेव्हा स्थानिक तारीख-वेळ मजकुरात आणि टाइम झोनचे नाव वेगळ्या कॉलमात ठेवावे. जन्मतारखेला तर वेळच नसते. तिला यूटीसीतील मध्यरात्र जोडून साठवले की पश्चिमेकडच्या टाइम झोनमध्ये ती एक दिवस आधीची दिसते.

महिन्याचा शेवटचा दिवस, पुढचा सोमवार असली उत्तरे क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) एका ओळीत देणारी अंगभूत फंक्शने ही एसक्यूलाइटची खरी जमेची बाजू. मात्र १९७०पासूनचे सेकंद पूर्णांकात देणारे ‘युनिक्सइपॉक’ हे सोयीचे फंक्शन २०२२च्या ३.३८ आवृत्तीत आले, आणि अँड्रॉइडमधील एसक्यूलाइट फोनच्या प्रणालीसोबत येत असल्याने जुन्या फोनवर ती क्वेरी चालतच नाही. जुन्या ‘एसटीआरएफटाइम’ फंक्शनकडून सेकंद घ्यावेत तर ते मजकूर म्हणून मिळतात. मिलिसेकंदांच्या कॉलमला हजाराने भागून आलेला आकडा त्या मजकुराशी ताडला, तर एसक्यूलाइटच्या नियमाप्रमाणे कोणताही आकडा कोणत्याही मजकुरापेक्षा लहानच ठरतो. ‘आतापेक्षा नंतरचे’ शोधणाऱ्या क्वेरीला एकही ओळ मिळत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. ‘कास्ट’ने त्या मजकुराचा प्रकार बदलून पूर्णांक घेतला की हे टळते. तारखांचे बरेच काम क्वेरीतच करायचे असेल, तर ॲपसोबत एसक्यूलाइटची नवी आवृत्ती जोडून द्यावी. ॲपचा आकार थोडा वाढतो, पण ती किंमत मला रास्त वाटते.